डाउनलोड केलेला पखवाज

नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये वाद्यांची भली मोठी यादी असते. माझ्याकडच्या यादीत बॅगपाइप आहे, डोंगरातल्या गुराख्यांचं लांबलचक शिंग आहे, गाईच्या गळ्यातली घंटासुद्धा आहे. पखवाज नाही. आपण हट्टाने एक रिकामी ओळ घेऊन तिला 'पखवाज' असं नाव दिलं, तर सॉफ्टवेअर नाव निमूट लिहून घेतं आणि वाजवताना खुशाल पियानो वाजवतं. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी हसले होते. गेल्या वर्षी मला खरोखरच पखवाज हवा होता, तेव्हा काही हसू आलं नाही.

लोकांनी केलेल्या चाली कागदावर उतरवून देणं हा माझा धंदा. संगीतकार फोनवर गुणगुणून चाल पाठवतात, मी ती पाच रेघांच्या स्टाफ नोटेशनमध्ये लिहिते, मग व्हायोलिनवाल्यांचा कागद वेगळा, बासरीचा वेगळा, कोरसचा वेगळा. पूर्वी हे सगळं हाताने व्हायचं आणि मान मोडायची. आता कॉम्प्युटरवर होतं आणि तरीही मान मोडते. फरक एवढाच की हल्ली नुसता कागद कुणाला नको असतो. ज्याला नोटेशन वाचता येत नाही त्यालाही आधी ऐकायचं असतं, त्यामुळे कागदासोबत सॉफ्टवेअरकडून वाजवून घेतलेली फाइलही द्यावी लागते. म्हणून खऱ्यासारखे वाटणारे आवाज शोधत बसणं हेही माझ्याच गळ्यात पडलं आहे.

मुलुंडच्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी भजनाच्या चालीवरचा कोरस लिहायचा होता. संगीतकार म्हणाला, "हे बघ, पखवाज पाहिजे. तबला लावलास ना, तर भजन वाटणारच नाही, लग्नाचं रिसेप्शन वाटेल." मी म्हटलं, "अरे, पखवाज मिळत नाही." तो म्हणाला, "तुला मिळत नाही? तुझे बाबा पखवाजी ना?"

तेच तर दुखणं होतं.

माझे बाबा गिरणीत होते, आणि संध्याकाळी भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. आम्ही मूळचे सावंतवाडीकडचे. परळच्या आमच्या चाळीत निम्मी माणसं तिकडचीच, त्यामुळे भजन आणि डबलबारी हे आमच्याकडे नळाच्या पाण्याइतकं रोजचं. डबलबारी म्हणजे दोन बुवा आमनेसामने बसून गाण्यातून एकमेकांना सवाल टाकतात, आणि कुठल्या बाजूचा पखवाज चढा लागला यावर लोक दुसऱ्या दिवशी नळावर भांडतात. बाबांचा पखवाज चढाच लागायचा. हे मी मुलगी म्हणून सांगत नाही, नळावरचे लोक सांगायचे.

पखवाजाला चामड्याने मढवलेली दोन तोंडं, त्यांना पुडी म्हणतात. उजव्या पुडीला शाईचा कायमचा काळा गोल असतो. डाव्या पुडीला मात्र दर वेळी ओली कणीक थापावी लागते, त्याशिवाय तिचा आवाज खाली उतरत नाही आणि घुमत नाही. वाजवून झालं की ती खरवडून काढायची. ही कणीक मळणं हे माझं काम होतं. पोळीची कणीक वेगळी आणि ही वेगळी. ही सैल झाली तर वाजवताना घसरते, घट्ट झाली तर पुडी मुकी होते. आईला ती कधी जमली नाही, मला मात्र पहिल्यापासून जमली. बाबा बोटाने दाबून बघायचे आणि म्हणायचे, "बरी झाली." माझ्याबद्दल ते दुसरं काही बरं म्हणाल्याचं मला आठवत नाही. मी ती वाटी भरून दाराशी नेऊन द्यायचे. आत पुरुषांची बैठक असायची. थापायचे ते.

मला थापायची होती. मला वाजवायचं होतं. चाळीतली पोरं बाबांकडे शिकायला यायची, त्यांतल्या एकाला तर धड मात्रा मोजता येत नव्हत्या, आणि मी भिंतीच्या अलीकडे भांडी घासताना त्याच्या चुका मनात दुरुस्त करायचे. 'धा धा दिं ता, किट धा दिं ता, तिट कत गदि गन' हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. शाळेत असताना मी विचारलं. बाबा म्हणाले, "बाईमाणसान पखवाज धरूचो नाय." कॉलेजात गेल्यावर परत विचारलं, तेव्हा त्यांनी नुसता पेपर उलटला. त्यानंतर एकदा घरात कुणी नसताना मी खोळ काढून डाव्या पुडीवर हात ठेवला होता, नुसता ठेवला होता, तर आई दारातून आली आणि म्हणाली, "ठेव तो. ते येतील." तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. मला तिचा राग आला.

म्हणून मी नोटेशनकडे गेले. जे हाताने करू देत नाहीत ते कागदावर करता येतं का बघू, असा तो तिरकस हिशेब होता. मास्तर चांगले मिळाले, काम मिळत गेलं. आई गेली, चाळ पडली, आम्ही बापलेक बोरिवलीला आलो. मी लग्न केलं नाही. बाबांचं मंडळही पांगलं. जे उरले त्यांच्यात आता पखवाजाऐवजी कुणीतरी पोरगा इलेक्ट्रॉनिक पॅड घेऊन बसतो. बाबा त्या पॅडला 'स्विचबोर्ड' म्हणतात. त्यांचा पखवाज कपाटावर, खोळीत. कधीमधी कुणाकडे सत्यनारायण असला की खाली उतरतो. आमच्या घरात बाबा मालवणीत बोलतात, मी मुंबईच्या मराठीत उत्तर देते, आणि पखवाजाबद्दल आम्ही दोघंही बोलत नाही. इतकी वर्षं हे ठीक चाललं होतं.

तर तो मुलुंडचा कोरस. बाबांना 'वाजवून द्या' म्हणायचं मी मनातसुद्धा आणलं नाही. मी इंटरनेटवर शोधत बसले. फुकटात मिळालेला पहिला पखवाज हा खोल आवाजात उतरवलेला ढोलक निघाला. दुसऱ्यात सगळे बोल एकाच जोराने वाजत होते, कुणीतरी जिना उतरावा तसे. तिसरा आवाजांचा संच परदेशातल्या कुठल्याशा कंपनीचा होता. नाव काहीतरी 'टेंपल ड्रम'. पखवाज हा शब्द कुठेच नाही, पण चित्र पखवाजाचं. सोबत नमुना होता. तो मी ऐकला आणि पाठीत ताठ झाले. आवाज सुंदर होता. डावी पुडी अशी उतरत होती, की थापणाऱ्याच्या हाताला कणीक कळत असली पाहिजे. मी तो संच विकत घेतला.

असा संच विकत घेतला की लगेच वाजत नाही. कीबोर्डच्या कुठल्या पट्टीवर कुठला आघात ठेवला आहे ते आपणच शोधायचं, मग सॉफ्टवेअरला सांगायचं की अमुक रेघेवरचा ठिपका म्हणजे हा आवाज. या संचात आघातांना नावं होती 'मोकळा घुमता', 'बंद', 'चापट' अशा अर्थाची. करणाऱ्याला बोल माहीत नव्हते, किंवा गिऱ्हाइकाला कळणार नाहीत असं वाटलं असेल. मी दुपारभर एकेक पट्टी दाबत बसले आणि कागदावर त्यांची खरी नावं लिहीत गेले. ही ता. हा दिं. हा किटचा कि, हा ट. डाव्या हाताचा हा ग. दोन्ही हात एकत्र पडले की धा. मला फार मजा येत होती. खोटं कशाला बोलू, आयुष्यात पहिल्यांदा पखवाजाचा एकेक बोल माझ्या बोटाखाली वाजत होता आणि मला कुणी 'ठेव तो' म्हणत नव्हतं.

बोल बसवून झाल्यावर मी चाचणीला एक ठेका लिहिला आणि शेवटी समेवर एक लांब धा ठेवला, चार मात्रांचा. आघाताचा आवाज विरत गेला. पुरता विरला. आणि त्याच्या अगदी शेपटाशी कुणीतरी नाक ओढलं.

मी परत लावलं. धा, घुमणं, विरणं, आणि सूं.

भराभर लिहिलेल्या बोलांत हे ऐकू येत नव्हतं, कारण पुढचा बोल आला की सॉफ्टवेअर मागच्याचं शेपूट कापतं. लांब सूर लिहिला तरच ते शेवटपर्यंत वाजतं. मी एकेक बोल लांब करून ऐकत गेले. बऱ्याच ठिकाणी स्वच्छ होतं. दिंच्या शेवटी परत सूं. जोरातल्या ता नंतरही. बाबा तपकीर ओढतात. आई जिवंत असताना त्यांच्या सदऱ्याच्या डाव्या बाहीवरचे डाग घासून घासून कंटाळायची. ते नाक ओढणं मी लहानपणापासून भिंतीच्या अलीकडून ऐकलं आहे. दर आवर्तनानंतर, समेवर हात पडला की. जगात तपकीर ओढणारे पखवाजी आणखीही असतील. पण तसं नाक ओढणारे माझ्या घरात एकच होते, आणि ते त्या वेळी बाहेरच्या खोलीत वाटाण्याच्या शेंगा सोलत होते.

मी उठून त्यांच्याकडे गेले नाही. मला आधी चूक ठरायचं होतं. संचाच्या माहितीत खाली बारीक अक्षरांत अंधेरीतल्या एका स्टुडिओचं नाव होतं. तिथला रेकॉर्डिस्ट माझ्या ओळखीचा निघाला. आमच्या धंद्यात अंधेरीतला प्रत्येक जण प्रत्येकाच्या ओळखीचा निघतो. मी त्याला फोन लावला आणि त्या 'टेंपल ड्रम'चं नाव काढलं.

"अरे वा, सापडलं तुम्हाला," तो म्हणाला. "मी कधीपासून म्हणत होतो काकांना, सांगा ना घरी. काय हात आहे यार त्यांचा."

"कधी केलं हे?"

"दोन वर्षं झाली असतील. मंडळातल्या एकाने नंबर दिला होता. रिक्षाने यायचे, मांडीवर पखवाज घेऊन. आणि डब्यात कणीक."

मी विचारलं, "कणीक कोणी मळलेली?"

तो हसला. "ते मला काय माहीत मॅडम. घरून आणायचे."

मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी बाबा मध्येच म्हणाले होते की साकीनाक्याला कुणा गाववाल्याकडे लागोपाठ पूजा आहेत, कणीक मळून दे. मी कौतुकाने दिली होती. म्हटलं, म्हाताऱ्याला अजून बोलावतात. बोटाने दाबून त्यांनी "बरी झाली" म्हटलं होतं आणि मी दिवसभर खूश होते. त्या डब्याचं झाकण घट्ट लागत नव्हतं म्हणून मी वरून रबर लावला होता.

रेकॉर्डिस्ट सांगत सुटला. अशा रेकॉर्डिंगमध्ये ठेका वाजवायचा नसतो, एकेक आघात सुटा द्यायचा असतो. हळू, मध्यम, जोरात, मध्ये पूर्ण शांतता. बाबांना ते जमेना. तोंडाने बोल म्हटल्याशिवाय त्यांचा हात उठेना. प्रत्येक आघाताआधी ते बोल म्हणायचे, तो कुठून निघतो, बोटं कशी ठेवायची ते सांगायचे, आणि मग वाजवायचे. "आम्ही म्हटलं काका, बोलू नका, फक्त वाजवा. पण नाही. एकदम शिकवायलाच बसायचे. तासन्‌तास. मला पण थोडं आलं असेल बघा तेवढ्यात."

"ते बोलणं आहे तुझ्याकडे?"

"नाही ना. ते कापून टाकलं सगळं. आघात तेवढे ठेवले." मग तो म्हणाला, "एक सांगू का, राग मानू नका. काका शेवटी म्हणाले होते, कोणालाही विका, कोणीही वाजवू दे, फक्त माझ्या मुलीला कळवू नका. मला वाटलं सरप्राइज असेल."

मी फोन ठेवला. मला रडू वगैरे आलं नाही. माझं डोकं तापलं. मी इतकी वर्षं समजूत करून घेतली होती की बाबा जुन्या वळणाचे आहेत, त्यांच्यासाठी ही विद्या देवघरासारखी आहे, ती कुणालाही द्यायची नसते, मी मुलगी आहे म्हणून मलाही नाही. पटत नव्हतं, पण त्यात काहीतरी तत्त्व आहे असं मी मानलं होतं. आणि इथे काय निघालं? जगात कुठेही, कुणाही माणसाने कार्ड घासलं की त्याला माझ्या बापाचा एकेक बोल सुटा सुटा मिळतो. बाई असो, बुवा असो, कुणीही. एक मी सोडून. मला त्यांनी नाही दिलं, आणि ज्या कोणाला दिलं त्यांना माझ्याच हाताने कणीक लावून दिलं. फसवलं मला, सरळ फसवलं. दुसरा शब्द मला सापडत नाही आणि मी शोधतही नाही.

मी बाहेर जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. "साकीनाक्याला पूजा नव्हत्या ना?"

बाबांनी शेंग सोलायची थांबवली नाही. पण कान लाल झाले. त्यांचं सगळं कानांवर दिसतं.

"तेणा इचारल्यान," ते म्हणाले. "मी दिलंय."

"मीपण विचारलं होतं. दोनदा."

"तू चेडू."

"मी मुलगी. आणि मशीन काय आहे? झील? मुलगा?"

ते सोलत राहिले. वाटाणे एका बाजूला, सालं एका बाजूला. मग म्हणाले, "मंडळात लोक बघतत. बुवा काय म्हणतलो, चाळ काय म्हणतली. थंय बघूक कोण नव्हतो."

म्हणजे तत्त्व वगैरे काही नव्हतंच. लोक काय म्हणतील, एवढंच होतं. देवघर नाही, शास्त्र नाही. नळावरचे चार लोक. ते बुवा वारले, ती चाळ पडली, तो नळ कुठे गेला देव जाणे, आणि मी अजून दाराशी कणकेची वाटी घेऊन उभी. मी म्हटलं, "मग मला सांगू नका असं का म्हणालात?"

"तू हसली असतंस," बाबा म्हणाले.

पॅडला स्विचबोर्ड म्हणणारे मशीनसाठी वाजवून आले म्हणून मी हसले असते? मी? मला त्यांच्या समोरची वाटाण्यांची परात उलटी करावीशी वाटली. केली नाही, कारण नंतर वाटाणे मलाच गोळा करावे लागले असते.

पुढचे काही दिवस आम्ही जेवणापुरतं बोललो. मी तो संच कॉम्प्युटरवरून काढून टाकायचं ठरवलं आणि काढला नाही. कोरस द्यायचाच होता, आणि यापेक्षा चांगला पखवाज कुठे नव्हता. मुलुंडला फाइल गेली. संगीतकार म्हणाला, "झकास. कोणी वाजवलंय?" मी म्हटलं, "सॉफ्टवेअर." तो म्हणाला, "काहीतरीच."

त्याच्या त्या 'काहीतरीच'ने माझ्या डोक्यात किडा सोडला. शाळेचं काम संपलं होतं, पण मी बाबांच्या बोलांवर बसूनच राहिले. एक परण लिहायला घेतली, म्हणजे पखवाजावर एकट्याने वाजवायची लांब बांधलेली रचना. बाबांच्या वाजवण्यातल्या कितीतरी परणी मला भिंतीपलीकडून पाठ होत्या, पण त्यांतली एकही घेतली नाही. स्वतःची बांधली. सॉफ्टवेअर वाजवतं ते फार सरळ, सगळे बोल एका रांगेत कवायतीला उभे असल्यासारखे. मी एकेक बोल धरून केसभर पुढेमागे केला. डावा हात किंचित मागून यायला हवा, तर घुमारा उजव्याच्या खाली बसतो. गदि गनमध्ये गन जरा दाबायचा. तिहाई, म्हणजे शेवटी तीनदा येऊन समेवर आदळणारा तुकडा, पहिल्यांदा हळू, मग जरा वर, मग पुरता सोडून. कुठे नाक ओढल्याचा आवाज येत होता ती शेपटं कापली. हे कुणी मला शिकवलं नव्हतं. हे मला कुठून येत होतं ते मला चांगलं माहीत होतं, आणि त्याचाही राग येत होता.

मला बाबांना ते ऐकवायचं होतं. भांडण झाल्यावरही, फसवलं गेल्यावरही मला एवढंच हवं होतं, की त्यांनी एकदा बोटाने दाबून बघावं आणि बरी झाली म्हणावं, आणि ते कणकेबद्दल नसावं. लाज वाटते लिहायला, पण आहे ते असं आहे.

रविवारी दुपारचा चहा झाल्यावर मी छोटा स्पीकर बाहेरच्या खोलीत आणला. काही सांगितलं नाही. नुसतं लावलं.

पहिल्या आवर्तनाला त्यांनी मान वर केली. आवाज ओळखला हे दिसलं. दुसऱ्या आवर्तनाला उजवा हात मांडीवर आला आणि ताल धरू लागला. आधी बोटं, मग पुरा पंजा. तिसऱ्याला त्यांनी डोळे मिटले. तिहाई आली तेव्हा ते तोंडातल्या तोंडात धा म्हणत होते, आणि शेवटच्या धाला त्यांचा हात आणि माझी सम एकाच ठिकाणी पडली. तसा चेहरा मी फक्त दाराच्या फटीतून पाहिला होता, डबलबारीत समोरच्या पखवाज्याने काही जमवलं की होणारा.

"पखवाज माझो," ते म्हणाले. "हात माझो नाय. कोण ह्यो?"

मी स्पीकर बंद केला.

"हात मोकळो आसा तेचो," बाबा म्हणाले. "डावो मागसून टाकता, बघितलंस? ह्या शिकवन येणा नाय. पॅडवर वाजयता काय तो? कोणाचो झील?"

मी चहाचे कप गोळा करायला लागले.

"एकदा घेवन ये तेका." ते खुर्चीत पुढे सरकले होते, कान परत लाल झाले होते, पण या वेळी आनंदाने. "माज्याकडे अजून उरला हा, ता मशीनीत नाय दिलंय. ता तेका दितलंय. सांग तेका."

जन्मात मला कुणाचा इतका हेवा वाटला नव्हता जितका त्या पोराचा वाटला, आणि तो पोरगा नव्हताच.

"बाबा, मी लिहिलंय ते," मी म्हटलं. "बांधलंयपण मीच. कोणी पोरगा नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग स्पीकरकडे बघितलं.

"परत लाव," ते म्हणाले.

मी परत लावलं. तीच परण, तेच बोल, डावा तसाच मागून येणारा. ते पूर्ण ऐकत होते, एक मात्रा सोडली नाही. पण हात मांडीवर आला नाही. तो खुर्चीच्या दांडीवर होता आणि तिहाई येऊन गेली तरी तिथेच राहिला.

"म्हणजे मशीन ता," बाबा म्हणाले, आणि खुर्चीत मागे टेकले. त्यांना हायसं वाटलं होतं, ते मला दिसलं. "मशीनीक काय. सांगशीत ता वाजयतला."